दगड ओळखणाऱ्यांचा गोतावळा

दिवाळी सरून तुळशीचे लग्न आले की आमच्या देवघरातला शाळिग्राम तबकात बसून अंगणात येई. त्याच्या एका अंगाला भोक होते, आणि डोळा लावून आत पाहिले तर शंखासारखे वळसे दिसत. आजी म्हणे, ‘ते विष्णूचं चक्र.’ आम्ही मुले हात जोडत असू आणि लगेच उसाकडे व बोरांकडे वळत असू. पुढे कित्येक वर्षांनी समजले की ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचे घर. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा हा प्राणी. चौदापंधरा कोटी वर्षांपूर्वी तो तळच्या चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला, समुद्रतळाचा पर्वत झाला, आणि नेपाळातल्या गंडकीने तो दगड घासूनपुसून यात्रेकरूंच्या हाती दिला. म्हणजे धुळ्यातल्या एका साध्या घरात तीन पिढ्या एका जीवाश्माची षोडशोपचारे पूजा चालली होती आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता! आता कळल्यावरही पूजा चालूच आहे. त्यात काही बिघडले नाही.

पण माझी गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या एका दगडापासून. तो तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी असे. मामाने पांझरेच्या काठावरून आणलेला, वाटोळा, करड्या सालीचा. शाळेत असताना मी डायनासोरांविषयी कुठेतरी वाचले आणि हे अंडेच असणार, असे मनाशी पक्के केले. तो समज मी चाळिशीपर्यंत जपला. अखेर एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे मी तो दगड मोठ्या दिमाखात ठेवला. त्यांनी मला विचारले, ‘फोडू का?’ आणि होकाराची पुरती वाट न पाहता हातोडी घातली. आत पोकळी होती आणि तिच्यात लखलखणारे स्फटिक. ‘गारगोटी!’ ते म्हणाले. ‘लाव्हा थिजताना त्यात बुडबुडा राहिला, पुढे पाणी झिरपून आत स्फटिक धरले. छान आहे. पण अंडे पाहावयाचे असेल, तर ते असे घरी येत नाही. रविवारी आमच्याबरोबर चला.’

त्या रविवारी मी गेलो, आणि ज्या मंडळींत जाऊन पडलो त्यांतून अद्याप बाहेर आलो नाही. त्यात एक प्राध्यापक, दोन शाळामास्तर, एक औषधांचा दुकानदार, एक निवृत्त पाटबंधारे कारकून आणि एक केळीचे बागाईतदार. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. अध्यक्ष नसल्यामुळेच ते टिकले, असे आमच्यातला दुकानदार म्हणतो. तथापि या नाव नसलेल्या मंडळाची वंशावळ मोठी आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी एक कबुली द्यावयास हवी. खानदेशात जीवाश्म शोधणे म्हणजे वाळवंटात कमळ शोधण्यासारखे आहे. आपली भूमी लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस पुन्हापुन्हा वर आला आणि थरांवर थर साचत दख्खनचे पठार झाले. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून मैलोगणती सरळ धावणाऱ्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या कोणा राजाने बांधल्या नाहीत. त्या भेगांतच थिजून राहिलेला हा रस आहे, आणि भोवतालचा मऊ खडक झिजल्यामुळे तो उघडा पडला आहे. अशा भिंती तिकडे दोनशेंवर मोजल्या गेल्या आहेत. जळगावाकडे सावद्याच्या खाणींतून निघणारे हिरवट-पांढरे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात. पण अशा तप्त रसात हाड काय टिकणार?

दोनच ठिकाणी आशा असते. लाव्ह्याचा एक लोट येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत कधी हजारो वर्षे जात. तेवढ्या उसंतीत तळी साचत, गोगलगाई होत, मासे होत, ताड वाढत; मग पुढचा लोट त्यांवर झाकण घाली. या दोन लाव्ह्यांमधल्या गाळाच्या पातळ थरात जुने जग सापडते. दुसरे ठिकाण म्हणजे नद्यांचा गाळ. रावेर-यावलच्या केळीबागांखाली तापीचा गाळ शेकडो फूट खोल आहे. गिरणा, पांझरा, कान, बोरी या नद्यांनी कापलेल्या दरडींत मुरूम, वाळू आणि चुनखडीचे गोळे यांचे थर स्पष्ट दिसतात. पहिल्या जागेचा शोध नागपुराकडे लागला आणि दुसऱ्या जागेने खानदेशाला मान मिळवून दिला.

या गोतावळ्याचा मूळपुरुष शोधू लागलो तर तो निघतो ठगांचा बंदोबस्त करणारा कॅप्टन स्लीमन! १८२८ साली जबलपूरच्या एका टेकडीवर त्याला दगड झालेली मोठमोठी हाडे मिळाली. तेव्हा डायनासोर हा शब्दही जन्मला नव्हता. तो १८४२ चा. स्लीमनला वस्तू विचित्र वाटली, एवढेच. त्याच्याकडून ती डॉक्टर स्पिल्सबरीकडे गेली, तेथून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे. ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच प्रिन्सेप. पुढे १८७७ साली लिडेकरने त्या मणक्यांना ‘टायटनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. हिंदुस्थानातला हा पहिला डायनासोर. सापडण्यापासून बारशापर्यंत एकोणपन्नास वर्षे आणि चार हात! आणि बारसे झाल्यावर मूल हरवले. मणके कोठे गेले, कोणास ठाऊक नव्हते. २०१२ साली नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना त्यांतला एक मणका कलकत्त्यातच, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, पुन्हा सापडला. कपाटात हरवलेली वस्तू शोधणे हेही उत्खननच होय, हे ज्यांनी जुनी दप्तरे चाळली आहेत त्यांना सांगावयास नको.

त्या सर्वेक्षण खात्याची स्थापना १८५१ ची. त्याच वर्षी नागपुरात दोन स्कॉटिश पाद्री, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर, टाकळीच्या टेकडीकडे गेले असता त्यांना दगडात रुतलेला एक शंख दिसला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचा तो शंख. तिला विद्वानांनी आधीच त्या प्रिन्सेपचे नाव देऊन ठेवले होते. पण गोड्या पाण्यातली गोगलगाय लाव्ह्याच्या पोटात कशी? या एका प्रश्नाने दोघांना वेड लावले, आणि वेडाची लागण भोवती पसरली. छावणीतले कॅप्टन वॉपशेअर, इंजिनियर सँकी असे अधिकारी आपापल्या दौऱ्यांतून पुडके बांधून आणू लागले. टाकळीच्या थरातून फळे, बिया, माशांचे खवले, एवढेच काय पण भुंगेऱ्यांचे टणक पंखही निघाले. मांगलीच्या दगडातून बेडकांच्या दूरच्या पूर्वजाची रुंद कवटी निघाली. तिचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८५५ साली केले, आणि त्याच वर्षी दोघा पाद्र्यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूगर्भ मंडळाच्या पत्रिकेत आला.

हिस्लॉपच्या नावाचे महाविद्यालय आज नागपुरात आहे आणि त्याच्या नावाचे एक हिरवे खनिजही आहे. त्याच्या धर्मकार्याविषयी ज्याला जे मत असेल ते असो. मला त्याच्या चिकाटीचे वाटते. चाकरी शाळेची आणि चर्चची, हवा नागपूरची, आणि ऊन तर आपणांस ठाऊकच आहे. त्यातून वेळ काढून हा मनुष्य दगड फोडी, चिठ्ठ्या लिही, पेट्या भरी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वय पुरते शेहेचाळीसही नव्हते. हंटर त्याआधीच मायदेशी परतला होता. तेथे त्याने सात खंडांचा इंग्रजी ज्ञानकोशवजा शब्दकोश रचला. दगड वेचण्याची सवय असलेल्या माणसाला शब्द वेचणे जड जात नसावे.

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरून वरोऱ्याकडे गेले की पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील शेतांत डायनासोरांची हाडे मिळतात, आणि त्याहून अधिक मिळते ते त्यांचे दगड झालेले शेण. वाचकांनी नाक मुरडू नये! बलिप्रतिपदेला दारात शेणाचा गोवर्धन घालणारे आपण लोक. शेणाची योग्यता आपल्याला कळावयास हवी. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी हे पिसदुऱ्याचे शेण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात गवताच्या पेशींतले सिलिकेचे सूक्ष्म कण दिसले. भात आणि बांबू ज्या कुळातले, त्या कुळाच्या गवतांचे. डायनासोरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, असे तोवर समजले जाई. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निबंध आला आणि जगभरच्या पुस्तकांतले एक वाक्य बदलले. वरोऱ्याच्या शेतातल्या ज्या खड्यांना नांगर अडखळत असे, त्यांनी हे काम केले.

याच ओघात एका मराठी बाईंचे नाव घ्यावयास हवे. ते नाव आपल्याकडे फार घेतले जात नाही. श्यामला चितळे, जन्म १९१८. लाव्ह्यांमधल्या थरांतली फळेफुले हा त्यांचा विषय. छिंदवाड्याकडच्या मोहगाव-कलान येथील गारेसारख्या दगडात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडे अशी जपली गेली आहेत की पातळ काप काढून पाहिले तर पेशीन्‌पेशी मोजावी. चितळेबाईंनी हे काप काढण्यात हयात घालविली. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात वनस्पती-जीवाश्मांचा विभाग त्यांनी उभा केला, तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. आपल्याकडे त्या वयात माणसे नातवंडांच्या मुंजी मोजतात.

आता खानदेशाकडे वळतो. चाळीसगावपासून दक्षिणेस सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या भाविकांना ते ठाऊक आहे आणि गणिताच्या अभिमान्यांनाही. कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापल्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली येथेच शोधून काढला. पण त्याच पाटण्याच्या ओढ्याकाठच्या दरडींत शिलालेखाहून तीसपट जुना लेख होता, हे भाऊ दाजींनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भारतीय पुरातत्त्व खात्याचे शं. अ. साळी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत तेथे उत्खनन केले. पुढे दायमाबादचे मोठे उत्खनन करणारे ते हेच साळी. त्यापूर्वी त्यांनी तापीचे मधले खोरे आणि धुळ्याकडील कान नदीचा काठ पायांखाली घातला होता. पाटण्याला थराखाली थर उतरत गेले, प्रत्येक थरात माणसाची दगडी हत्यारे. आणि त्यांतल्या एका थरात हत्यारांबरोबर मिळाले जाड, पिवळसर टरफलाचे तुकडे आणि त्याच टरफलाचे मणी.

टरफल होते शहामृगाच्या अंड्याचे.

येथे थोडे थांबू. शहामृग म्हटला की आपल्याला आफ्रिका आठवते. तो पक्षी चाळीसगाव तालुक्यात हिंडत होता! त्याचे अंडे कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढे, टरफल दोन मिलिमीटर जाड. पंचवीस हजार वर्षांपूर्वी खानदेशची हवा आजच्याहूनही कोरडी होती. मोकळ्या गवताळ माळांवर हे पक्षी धावत असत. माणसे त्यांची अंडी खात, आणि टरफले टाकून न देता त्यांचे गोल तुकडे घासून, भोक पाडून, गळ्यात घालीत. एका तुकड्यावर तर त्या माणसाने नक्षी कोरली आहे. समांतर रेषांच्या पट्ट्या आणि त्यांत तिरप्या रेषांची जाळी; दारापुढे रांगोळीची कड काढावी तशी. तुकडा बोटाच्या पेराएवढा. पण भारतात माणसाच्या हाताने मुद्दाम काढलेली इतकी जुनी नक्षी फार थोडी आहे, आणि ती आपल्या खानदेशची आहे. साळींचा पाटण्यासंबंधीचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८९ साली प्रसिद्ध केला.

या शोधानंतर जे घडले ते मला शोधाइतकेच मोलाचे वाटते. शहामृगाच्या टरफलांचे वेड माळव्याकडेही होते. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर, नीमचच्या मराठी घरातला हा माणूस, १९५७ साली आगगाडीतून जाताना भीमबेटकाचे खडक पाहून पुढे तेथे गेला आणि चित्रांची गुहानगरी जगापुढे आणली. वाकणकर एकटे क्वचितच हिंडत. विद्यार्थी, चित्रकार, हौशी मंडळी यांचा तांडा बरोबर असे. भाकरी बांधून निघावयाचे आणि चित्र दिसेल तेथे कागद लावावयाचा. भीमबेटकालाही शहामृगाच्या टरफलाचे मणी मिळाले. त्यांच्या परंपरेतले गिरिराज कुमार आणि सहकारी यांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कितीतरी जागांवरून टरफले गोळा केली, आणि अनेकांवर त्यांना कोरलेल्या रेषा दिसल्या. केवढा आनंद झाला असेल! मग ऑस्ट्रेलियातले शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ती टरफले सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि सांगितले की यांतल्या बहुतेक रेषा माणसाच्या नाहीत. जमिनीत असताना वनस्पतींच्या मुळ्यांनी टरफल खाऊन त्या पाडल्या आहेत. पाटण्याचा तुकडा मात्र त्या परीक्षेत खरा उतरला.

असा निकाल ऐकणे सोपे नसते. माझी गारगोटी फुटली तेव्हा मला आठवडाभर वाईट वाटत होते. येथे तर वर्षांची मेहनत होती. पण गिरिराज कुमारांनी टरफले कपाटात कोंडली नाहीत. तीच राजस्थान-मध्य प्रदेशाची टरफले पुढे रुडकी आणि हैदराबाद येथील शास्त्रज्ञांच्या हाती गेली, त्यांतून जुने आनुवंशिक द्रव्य निघाले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखविले की हा पक्षी आफ्रिकेच्या शहामृगाचा सख्खा भाऊबंद होता आणि निदान पंचवीस हजार वर्षांपूर्वी या देशात नांदत होता. त्या निबंधाच्या लेखकांत कुमारांचेही नाव आहे. रेषा गेल्या, पक्षी राहिला.

दुसऱ्याच्या डोळ्याची किंमत दाखविणारी आणखी एक गोष्ट आमच्या मंडळात वारंवार सांगितली जाते, आणि ती पुन्हा मोहब्यांचीच. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढोली डुंगरीला डायनासोरचे घरटे शोधले. अंड्यांशेजारी बारीक हाडे होती. ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची, असे त्यांनी नोंदविले. २००१ साली अमेरिकेचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना त्यात सापाचा मणका दिसला. घरट्यात पिल्लू तर होतेच; पण त्याच्याभोवती सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप वेटोळे घालून होता! पिल्लाला गिळण्याच्या बेतात असतानाच वरून गाळ कोसळला असावा. २०१० साली दोघांनी सहकाऱ्यांसह त्याला ‘सनाजे इंडिकस’ हे नाव दिले. कित्येक वर्षे तो साप सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

माझे अंडे मात्र अजून व्हावयाचेच होते. प्राध्यापकांनी शब्द दिला होता. तो त्यांनी काही वर्षांनी पाळला. आग्रा रस्त्याने शिरपूर सोडले, सातपुडा चढून सेंधव्याला उतरले की निमाड लागतो. भाषा बदलते, पण भाकरी तीच आणि उन्हाळाही तोच. पुढे नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यातले मनावर, कुक्षी, बाग हा टापू. या भागात लाव्ह्याआधी समुद्राचा फाटा शिरला होता. इंग्रज भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड याने तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यावर १८६९ साली जो मोठा निबंध लिहिला त्यात आपला खानदेश आणि हा टापू शेजारी शेजारी आहेत. समुद्र हटल्यावर उरलेल्या ओलसर भूमीवर टायटनोसॉर जातीचे अजस्र प्राणी अंडी घालावयास येत.

हे जगाला कळले ते मनावरच्या एका शाळामास्तरांमुळे. विशाल वर्मा आणि त्यांचे मित्र यांनी ‘मंगल पंचायतन परिषद’ नावाची हौशी मंडळी जमविली. सुट्टीच्या दिवशी ओढेनाले तुडवावयाचे, शेतकऱ्यांशी बोलावयाचे, सापडलेल्याची टिपणे ठेवावयाची, हा त्यांचा उद्योग. २००७ च्या सुमारास त्यांना शंभरावर अंडी मिळाल्याची बातमी देशभर झाली. मग दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमन, गुंटुपल्ली प्रसाद आदी संशोधकांबरोबर वर्मा यांनी काम केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची मोजदाद आली. एकेक अंडे पंधरा ते सतरा सेंटिमीटर व्यासाचे. शाळामास्तराचे नाव विद्यापीठाच्या लोकांच्या पंक्तीत छापलेले पाहून आमच्या दोघा मास्तरांनी त्या दिवशी पेढे वाटले होते.

मी पाहिलेले अंडे एका शेताच्या बांधालगत, जमिनीत अर्धे पुरलेले होते. वरची बाजू झिजून नुसते वर्तुळ उरले होते; बांगडी ठेवल्यासारखे. कोणी दाखविले नसते तर मी त्यावर पाय देऊन पुढे गेलो असतो. आमच्या वृंदावनातला दगड याहून कितीतरी अधिक ‘अंड्यासारखा’ होता! त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक असे वाटोळे दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत आले, शेतशिवाराचा आणि गुराढोरांचा राखणदार म्हणून त्यांना नारळ फोडत आले. तज्ज्ञांनी ती डायनासोरची अंडी असल्याचे सांगितल्याची बातमी २०२३ च्या डिसेंबरात सर्वत्र झळकली. शहरातल्या काही लोकांना त्याचे हसू आले. मला आले नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचा शाळिग्राम होता. पूजेमुळे ते दगड निदान एका जागी राहिले. बाजारात विकावयास नेले असते, तर कोणत्या नाल्यातले, कोणत्या थरातले, हे कळण्याची वाटच बंद झाली असती.

हे मी शहाणपणाने बोलतो आहे, पण ते मी फार महाग शिकलो. मंडळात गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, एका उन्हाळ्यात, एकटाच बोरीच्या काठाने जात असता दरडीखाली पडलेला एक दात मला मिळाला. बैलाच्या दाढेसारखा, पण दगडासारखा जड आणि काळपट. मी तो खिशात टाकला आणि आनंदाच्या भरात तसाच घरी आलो. वही बरोबर नव्हती. पुढे पुण्याच्या एका जाणकारांना तो दाखविला. त्यांनी भिंगाखाली फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारले, ‘दात रानटी गुराचा, जुना आहे. दरडीच्या कोणत्या थराखाली होता? वरच्या काळ्या मातीखाली, की खालच्या वाळूत?’ मला सांगता येईना. मी पुन्हा बोरीवर गेलो. मध्ये पावसाळा होऊन गेला होता, दरड ढासळली होती. वाळूच्या थरातला असता तर तो दात शहामृगाच्या काळचा ठरता. आज तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे. घरी आलेले पाहुणे कौतुक करतात तेव्हा मी गप्प बसतो.

तेव्हापासून आमच्या मंडळात एक वही आहे. सांगावयाचे म्हणजे तेच आमचे मंडळ. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ सालापासून आहे; जुना कागद कोणाच्या घरातून आला हे त्यावर लिहून ठेवण्याची शिस्त या गावाला नवी नाही, आम्ही ती दगडाला लावली इतकेच. गावाचे नाव, नाला, काठ डावा की उजवा, दरड वरून किती हात, भोवती काय होते. हल्ली मोबाईलवर अक्षांश-रेखांशही मिळतात, त्यांनी काम सोपे झाले. वस्तू शक्य तो तेथेच ठेवावयाची, छायाचित्र घ्यावयाचे आणि जाणकारांना कळवावयाचे. विहिरी खणताना, पाट काढताना, वाळू उपसताना खानदेशचे हे जुने थर रोज उलटेपालटे होत आहेत. आम्ही मोजकी माणसे किती ठिकाणी पुरणार? म्हणून अलीकडे आम्ही दगडांपेक्षा माणसांकडे अधिक जातो. वाळूवाले, विहिरीवाले, मेंढपाळ.

गेल्या कोजागिरीनंतरच्या रविवारची गोष्ट. कान नदीच्या एका फाट्यावर आम्ही शिदोरी सोडली होती. एक ठेलारी मेंढ्या घेऊन आला, आमची भिंगे आणि फडकी पाहून थबकला. विडी पेटवून त्याने विचारले, ‘हाई काय शे, भाऊ?’ बागाईतदारांनी त्याला पाटण्याच्या टरफलाचे छायाचित्र दाखविले. त्याने ते बराच वेळ पाहिले, मग फेट्याच्या टोकाला बांधलेली गाठ सोडली. पोराला खेळावयास ठेवलेले दोनतीन खडे होते, त्यांत नखाएवढा, पिवळसर, किंचित वाकडा असा एक तुकडा. कोणीच बोलेना. प्राध्यापकांनी भिंग काढले, कारकुनांनी वही उघडली. शहामृग की नुसती चुनखडी, हे त्या क्षणी कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते. अजूनही तुकडा तपासणीतच आहे.

‘कोठे मिळाला?’ त्यांनी विचारले.

ठेलाऱ्याने काठीने नाल्याच्या वळणाकडे दाखविले. ‘तठे. चला, दखाडस.’

‘थांबा,’ कारकून म्हणाले आणि त्यांनी पेनचे टोपण काढले. ‘आधी तुमचे नाव सांगा. पूर्ण सांगा, वडिलांच्या नावासकट.’